फाटकापलीकडचं वऱ्हाड

पालघर-बोईसरकडे मोटार घेऊन एकटी फिरायला निघाले आहे, असं सांगितल्यावर ज्यांनी ज्यांनी "तिकडे बघायला काय आहे?" असं विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उत्तर आधीच देऊन टाकते. रेल्वे आहे, ताडाची झाडं आहेत, समुद्र आहे. या तिन्हींच्या मधल्या जागेत माणसांनी जे उभं करून ठेवलं आहे, त्यातलं बरंचसं न बघितलं तरी चालेल.

मी नाशिकला मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था बघते. गाद्या, बादल्या, गॅसच्या टाक्या, कोणाला कोणतं औषध चालत नाही, अशा याद्या करण्यातच माझा दिवस जातो. वडील मालगाडीवर गार्ड होते. लहानपण मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, आणि गाडी दिसली की थांबून शेवटच्या डब्यापर्यंत बघायची ही सवय तेव्हाची. दर वर्षी थंडी सरता सरता रजा काढते आणि एखाद्या रेल्वेमार्गाच्या कडेकडेने गाडी हाकत जाते. यंदा दोन मैत्रिणी सोबत येणार होत्या. निघायच्या आदल्या दिवशी एकीचे गुडघे दुखायला लागले आणि दुसरीच्या सुनेने काहीतरी ठरवलं. मी दोघींची नावं खोडली. मागची सीट सामानाला मिळाली आणि गाण्यांवरून होणारे वाद वाचले.

जव्हारचा उतार

त्र्यंबक सोडलं की रस्ता चांगला आहे, आणि त्याच कारणासाठी धोक्याचा आहे, कारण रस्ता चांगला दिसला की आपली माणसं वळणावर गाडी पुढे काढतात. जव्हारला सूर्यास्त बघायची जागा आहे. मी सकाळी पोहोचले, त्यामुळे सूर्यास्ताऐवजी आदल्या संध्याकाळी तो बघून गेलेल्यांची वेफर्सची पाकिटं बघितली. दरीकडे तोंड करून सिमेंटची बाकं बसवली आहेत, आणि प्रत्येक बाकावर देणगीदाराचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत आहे की बसणाऱ्याच्या पाठीवर उमटावं.

उतार संपता संपता रस्त्याच्या कडेला एक कुटुंब बोचकी घेऊन बसलं होतं. मी पाण्यासाठी थांबले होते, तर त्यातल्या बाईनेच विचारलं, "एकटीच हाय का तू?"

"एकटीच. तुम्ही कुठे निघालात?"

"भट्टीवर. ईट पाडाय. टरक येल आता."

"परत कधी?"

"पाऊस आला का. भात लावाया यावाच लागंल."

"घरी कोण असतं मग?"

"म्हातारी हाय, तिच्यासंगं कोंबड्या हायत." मग तिने माझ्या उघड्या डिकीत डोकावून बघितलं. "तू कायमची चाललीस काय?"

चार दिवसांसाठी माझ्या डिकीत त्यांच्या पावसापर्यंतच्या संसारापेक्षा जास्त सामान होतं. घडीची खुर्चीसुद्धा होती. डिकी बंद केली आणि निघाले. या प्रवासात जे जे भेटले त्यांच्यातल्या बहुतेकांवर मी मनात चरफडले. या बाईवर चरफडायला काही सापडलं नाही.

पालघर

हॉटेल फोनवरून ठरवलं होतं. खोलीतून समुद्र दिसतो, असं तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं होतं. खिडकी उघडली तर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर रांगेने लटकवलेली एसीची खोकी. समुद्र तिथून बराच दूर आहे हे मला नकाशावरून माहीत होतं, तरी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

"खिडकीतून समुद्र दिसेल म्हणाला होतात."

"मॅडम, वारा येतो ना समुद्राचा."

"वारा एसीचा आहे. गरम आहे."

"तो पण समुद्रावरूनच येतो," तो म्हणाला आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

संध्याकाळी कोळगावकडे गेले. तिथे जिल्ह्याच्या मुख्यालयाचं संकुल आहे. इमारती एवढ्या भव्य की सातबाऱ्याचा उतारा मागायला आलेल्या माणसाने आधी चप्पल काढावी की काय असा विचार करावा. पायऱ्यांवर एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोसत्र चाललं होतं. मुलगी घेरदार झगा सावरत पायऱ्या उतरत होती, मुलगा गुडघ्यावर बसून हात पुढे करत होता, आणि फोटोग्राफर "सर, अजून प्रेमाने" असं ओरडत होता. सरकारी कचेरीच्या पायरीवर गुडघे टेकून प्रेमाने हात पुढे करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या सकाळी रुळांवरून जाणाऱ्या एका रस्त्याच्या पुलावर जाऊन उभी राहिले. इथे जुन्या मार्गाला लागून फक्त मालगाड्यांसाठी नवा मार्ग झाला आहे, आणि त्यावरून कंटेनरवर कंटेनर रचलेल्या दुमजली गाड्या जातात. माझ्या आधी तिथे तीन तरुण कॅमेऱ्याच्या तिकाटण्या लावून उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "आंटी, तुम्ही फ्रेममध्ये येताय."

"मी कठड्याला टेकून उभी आहे. फ्रेम माझ्यावर आली आहे."

तो सरकला. मग गाडी आली. चाळ उठून चालायला लागावी तशी ती दुमजली रांग आली, आणि मी बघत राहिले. तिघांपैकी एकानेही ती डोळ्यांनी बघितली नाही. तिघेही पडद्यात बघत होते. गाडी गेल्यावर "आवाज नीट आला नाही" म्हणून हळहळले. अरे, आवाज तर पुलाच्या कठड्यातून हाताच्या कोपरापर्यंत आला होता.

बोईसर, सालवड

बोईसर डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिथे राहणाऱ्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रस्त्यावर ट्रक, ट्रकांमध्ये रिक्षा, रिक्षांमध्ये सायकली आणि सायकलींवर शिफ्ट सुटलेली माणसं. दुपारी सालवडला एका खानावळीत शिरले. बाकांवर सगळे कामगार, सगळ्यांचं बोलणं हिंदीत. मी बसल्याबरोबर शांतता झाली. समोरच्याने अदबीने विचारलं, "मैडम, आप सर्वे में आई हैं?"

"नहीं. घूमने आई हूँ."

त्याने शेजाऱ्याकडे बघितलं. शेजाऱ्याने घास खाली ठेवला. "यहाँ? घूमने?" मग पूर्ण बाकडं हसलं, आणि ते हसणं मागच्या बाकापर्यंत गेलं. "अरे सुनो, मैडम सालवड घूमने आई हैं." एकाने मला आपल्या ताटातली हिरवी मिरची देऊ केली. डाळ, भात आणि वांग्याचं भरीत. ताटं घासलेली होती, पाण्याचा पिंप झाकलेला होता, भात गरम होता. दोन दिवसांत नीट चाललेली संस्था म्हणता येईल अशी ही एकच दिसली, आणि तिला पाटी नव्हती.

तारापूर, चिंचणी

तारापूरला अणुवीज केंद्र आहे, त्याची वसाहत आहे, आणि तिच्या दारावर उभं राहून फोटो काढायचा नसतो हे न सांगता कळायला हवं. माझ्यापुढच्या गाडीतल्या कुटुंबाला कळलं नव्हतं. पहारेकरी त्यांना समजावत होता आणि ते त्याला आपण पुण्याहून आलो आहोत असं सांगत होते. पुण्याहून आल्याने काय बदलतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मला त्यापेक्षा खाडीकाठ आवडला. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून वाळत घातलेले, आणि खाली कावळ्यांवर नजर ठेवून बसलेल्या बायका. एकीकडून सुके बोंबील घेतले.

"एवढेच?" ती म्हणाली. "घरात जेवनारा कोन नाय काय?"

"आहे. पण तो शाकाहारी आहे."

"मंग त्याला नको सांगू. तुलाच पुरतील." तिने आपणहून मूठभर वाढवून दिले.

घरून नेलेल्या यादीत हवाबंद डबा लिहिला होता. डबा आणलाही होता. पण त्यात मी चार्जर ठेवले होते. बोंबील कागदात बांधून मागच्या सीटवर ठेवले, आणि तेव्हापासून गाडीत मी पाहुणी आणि ते मालक, अशी स्थिती झाली.

फाटक

तिसऱ्या दिवशी सकाळी चिंचणीहून निघाले. महामार्गाला लागायचं तर रूळ ओलांडावे लागतात. मोठ्या रस्त्याची गर्दी टाळायची म्हणून आतला रस्ता धरला. तो वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना चिकू, केळी, मधेच पानवेलींचा मळा. फाटकाचं नाव मुद्दाम देत नाही. त्या गावाने मला जेवू घातलं आहे.

फाटक बंद होतं आणि फाटकावर मालगाडी उभी होती. येऊन जाणारी नव्हे, उभी. बंद वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, तपकिरी भिंत डावीकडे नजर पोहोचेपर्यंत आणि उजवीकडेही तशीच. मी रांगेत पहिली होते. डोक्यावर पुलाचे दोन अर्धे हात होते, एक इकडून आलेला आणि एक तिकडून आलेला. मधला तुकडा, म्हणजे ज्याच्यासाठी पूल बांधतात तेवढाच, राहिला होता. कोनशिला मात्र पूर्ण होती, तिच्यावर नावंही पूर्ण होती.

पलीकडे बँड वाजत होता. अलीकडे माणसं हात बांधून तो ऐकत होती. जरीच्या साडीतली एक जाडजूड बाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन उन्हात उभी होती. तिने माझ्या काचेवर टकटक केलं.

"बाय, जरा आत बसू का? ताट तापलंय, आन मीबी."

मी दार उघडलं. ती बसली, श्वास घेतला आणि म्हणाली, "बोंबील घेतले."

"हो. वासाबद्दल माफ करा."

"कशाला? चांगले हायेत. फसवलं नाय तुमाला."

ही बेबीआत्या. तिच्या भाचीचं, प्राचीचं, लग्न त्या दिवशी दुपारी होतं. मांडव फाटकाच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर, तिच्या भावाच्या वाडीत. वऱ्हाड पालघरकडून आलेलं आणि नेमकं पलीकडे अडकलेलं. वेशीवर वराचं पूजन करायला आत्या, प्राचीचे वडील आणि भटजी फाटकापर्यंत आले होते. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता.

"गाडी सुटेल तेव्हा होईल लग्न," मी म्हणाले. "दहा-पंधरा मिनिटांनी काय बिघडतं?"

आत्याने ताट मांडीवर ठेवलं. "आमचं बिघडत नाय. नानाचं बिघडतं." नाना म्हणजे नवऱ्या मुलाचे काका. मुलाचे वडील नाहीत, नानांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे शब्द त्यांचा. प्राची बोईसरला एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि लग्नानंतर सोडणार नाही म्हणते. हे नानांना पहिल्यापासून खुपलेलं. त्यात मार्गशीर्षातला पहिला मुहूर्त मुलाकडच्या सुतकात गेला. "तवापासून तो बोलतोय, दुसरा पन टळला तर देवाचीच इच्छा नाय, आमी परत जाऊ."

"खरंच जाईल?"

"जाईल काय, वाटच बघतोय."

मी खाली उतरून फाटकवाल्याकडे गेले. तो आपल्या खोलीच्या दारात फोन धरून उभा होता. "पुढं सिग्नल नाय, बाई. कवा सुटंल ते मला पन कोन सांगत नाय. तुमी फकस्त दांड्याच्या आत येऊ नका." एवढं बोलून तो आत गेला. त्या गर्दीत स्वतःचं काम काय आहे हे माहीत असलेला तो एकटाच होता.

दुसऱ्या फाटकाला वळसा घालून यायचं तर बोईसरच्या गर्दीतून, म्हणजे मुहूर्त नक्की गेला. राहिला तिसरा मार्ग, आणि तो पुरुषांना लगेच सुचला. वाघिणींखालून फक्त पाय दिसत होते: बँडवाल्यांचे पांढरे बूट, बायकांच्या साड्यांचे काठ, आणि मधोमध मोजड्या घातलेले दोन पाय. मोजड्या पुढे आल्या. प्राचीच्या वडिलांच्या फोनमधून नवऱ्या मुलाचा आवाज आला, "बाबा, मी खालनं येतो. एक मिनिटाचं काम हाय."

"येऊ नकोस," मी त्या फोनमध्ये ओरडले. त्यांच्या घरचा फोन होता, माझा काही संबंध नव्हता. पण माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांवर आवाज चढवला तो एकाच गोष्टीसाठी. उभी मालगाडी निघताना कोणाला विचारत नाही.

"कोन बोलतंय?" पलीकडून प्रश्न आला. तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. मांडवात बसलेल्या प्राचीपर्यंत बातमी गेली होती. आत्याने फोन काचेबाहेर, सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"आत्या, त्याला सांग. गाडीखालनं आला तर हार त्याला नाय, इंजिनाला घालीन."

मोजड्या मागे गेल्या.

मग पलीकडून नानांचा आवाज आला, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. "व्याही, वेळ बघताय ना? मी काय बोलत नाय. वेळच बोलतेय." प्राचीचे वडील घाम पुसत नुसते "हो नाना, हो नाना" म्हणत होते. आजूबाजूला सगळे एकदम बोलत होते. कोणी आमदाराला फोन लावा म्हणत होतं, कोणी ट्रकवाल्यांना हॉर्न वाजवायला सांगत होतं. आणि एक महाभाग या सगळ्यावर ड्रोन उडवत होता, कारण त्याचे पैसे आधीच ठरले होते. अशा वेळी माणसं आवाज वाढवतात आणि वस्तू मोजत नाहीत. वसतिगृहात रात्रीतून पाणी गेलं की मी पहिल्यांदा विचारते, आहे काय आणि नाही काय. तेच केलं. भटजी तरुण होते, मोटरसायकलला टेकून पंचांग चाळत होते.

"गुरुजी, मुहूर्ताच्या त्या क्षणाला नेमकं काय काय लागतं? होम, सप्तपदी राहू द्या. फक्त तो क्षण."

"वधू, वर. मध्ये अंतरपाट. मंगलाष्टकं. अक्षता."

"मांडव?"

"मांडव शोभेला असतो."

"नवरी हाकेवर आहे. नवरा समोर आहे. तुम्ही आहात. अक्षता?"

"आहेत. पण अंतरपाट दोघांच्या मध्ये धरायचा असतो, ताई. दोघं एका जागी कुठे आहेत?"

आत्या गाडीतून उतरली. तिने मालगाडीकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बघितलं. "मधी काय हाय मंग? एवढा मोठा पडदा आमच्या खानदानात कोनी धरला नाय."

कोणी हसलं नाही. भटजींनी पंचांग मिटलं. रूळ उत्तर-दक्षिण जातात. ते एकदा सूर्याकडे, एकदा रुळांकडे बघत पुटपुटले, "वर पूर्वेला, तोंड पश्चिमेकडे. वधू पश्चिमेला, तोंड पूर्वेकडे. दिशा बरोबर आहेत." मग थोडं थांबून, "वस्त्राचाच हवा असं आहे. पण मालगाडीचा निषेध कुठे सांगितलेला नाही."

"तुमचं वस्त्र दांड्यावर घाला," मी म्हणाले. "दोन्ही होतील."

नानांना फोनवर सांगितलं. "असं लगीन कुठं झालंय?"

प्राचीचे वडील पुन्हा "हो नाना" म्हणणार, तेवढ्यात आत्याने फोन ओढून घेतला. "नाना, मुहूर्त तुला पायजे व्हता ना? मंग मुहूर्त घे. मांडव मागनं देते." ती दांड्यापर्यंत पुढे गेली. "आन नाय घेतलास तर परत कशाला जातोस ते मुहूर्तावर नको टाकू. सरळ सांग, म्हंजे पोरीला पन कळंल."

वाघिणींखाली काळ्या बुटांची एक जोडी, जी इतका वेळ माघारी वळलेली होती, ती सावकाश आमच्याकडे वळली. "वेळेवर झालं तर झालं," नाना म्हणाले.

नवरीला मामाने आणायचं असतं. इथे रस्ता ट्रकांनी भरलेला, त्यामुळे प्राचीने मामाला आणलं. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातभर हिरव्या बांगड्या, स्वतःची स्कूटर, आणि मागे फेटा धरून बसलेला मामा. ती रोज याच फाटकातून कामाला जाते, ट्रकांमधून वाट काढायची तिला सवय होती. स्कूटर तिने नीट स्टँडवर लावली. किल्ली मामाच्या हातात दिली. दांड्याच्या अलीकडे उभी राहिली आणि वाकून वाघिणींखाली बघितलं.

"मोजड्या त्याच घालून आलाय," ती म्हणाली. "चावतात म्हनून रडत व्हता."

अक्षता सगळ्या आमच्या बाजूला होत्या. पलीकडे एक दाणा नाही. गाडीखालून पिशवी सरकवायला दोघे निघाले, त्यांना मी मागे खेचलं. शेवटी पलीकडून फोनवर बातमी आली की फाटकावर भेळवाला आहे, तो म्हणतो, "सब कुरमुरा ले लो भाई, शादी रोज थोड़ी होती है." कुरमुरे तर कुरमुरे, तांदळाचेच असतात. ट्रकवाल्यांना मी एकेक करून इंजिनं बंद करायला लावली. बँडच्या कर्ण्याला पलीकडच्या कोणीतरी फोन जोडला.

भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. आवाज आधी इकडे यायचा, मग फोनमधून फिरून पलीकडच्या कर्ण्यातून यायचा. त्यामुळे प्रत्येक "सावधान" दोनदा ऐकू येत होतं, एकदा आमचं आणि मागून त्यांचं. आमचे तांदूळ पडायचे, मग वाघिणींपलीकडे कुरमुरे उडलेले दिसायचे. तिसऱ्या कडव्याला दूरवरून धक्क्यांचा आवाज आला. एक वाघीण, मग पुढची, मग आमच्या समोरची. मालगाडी निघाली.

भटजी घाबरले. "पडदा चालला," ते फोन बाजूला करून म्हणाले. "सगळी कडवी व्हायच्या आत संपेल."

"संपणार नाही. लांब आहे, भरलेली आहे, वेग धरायला वेळ लागतो. घाई करू नका, नीट म्हणा."

हे मात्र मला माहीत होतं. वाघिणी संथपणे सरकू लागल्या. दोन वाघिणींच्या मधल्या फटीतून पलीकडचं पट्टीभर दिसायचं आणि झाकलं जायचं. फेटा, झाकला. बँडवाला, झाकला. फेटा.

"बघू नको गं," आत्या म्हणाली. "डोळे खाली."

"खालीच हायेत," प्राची म्हणाली, आणि सरळ समोर बघत राहिली.

गाडीचा वेग वाढत गेला तसा भटजींचाही वाढला, पण त्यांनी शब्द गिळले नाहीत. शेवटचं कडवं आलं तेव्हा उजवीकडे, रांगेच्या टोकाला, गार्डचा डबा दिसला. शेवटचं "शुभ मंगल सावधान" इकडे झालं. तो डबा फाटकावर आला तेव्हा तिकडचं झालं. दोन्ही बाजूंनी तांदूळ आणि कुरमुरे एकदम उडाले, आणि मधून जाणाऱ्या गार्डच्या अंगावर पडले. हिरवा झेंडा धरून तो कठड्याशी उभा होता. पन्नाशीचा असेल. आधी दचकला, मग एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. झेंडा खाली घेता येत नाही, नियम आहे. दुसरा हात मोकळा होता. त्या हाताने त्याने डोक्यावरचे तांदूळ झाडले नाहीत. दिसेनासा होईपर्यंत तसाच, डोक्यावर अक्षता घेऊन, उभा राहिला.

माझे वडील घरी यायचे तेव्हा त्यांच्या डोक्यावर धूळ असायची. एवढंच लिहिते.

पडदा गेला. दोघं समोरासमोर होते, मध्ये रूळ. आता फाटक उघडेल म्हणून दोन्हीकडची माणसं पुढे सरसावली, आणि फाटकवाला खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "थांबा. दुसऱ्या लायनीवर गाडी हाय." लग्न लागलेलं, हार हातात, आणि गुजरातेकडची एक भरधाव गाडी मधून निघून गेली. प्राचीच्या मुंडावळ्या उडून कानामागे गेल्या. त्यानंतर दांडे वर झाले. रुळावर थांबायचं नाही ही फाटकवाल्याची अट होती, म्हणून नवरा चावणाऱ्या मोजड्यांनी लंगडत अलीकडे आला, आणि हार माझ्या गाडीच्या बॉनेटपाशी घातले गेले. ट्रकवाल्यांनी आता मात्र हॉर्न वाजवले. त्यांना मी अडवलं नाही.

पंगत वाडीत, चिकूच्या झाडांखाली. उकडहंडी होती. मडक्यात पावटे, कंद, रताळी, वांगी आणि हिरवा मसाला घालून, वर पाला लावून, पाण्याचा थेंब न घालता शिजवलेली. आमच्याकडे लग्नात पनीरच्या तीन भाज्या करतात आणि तिन्हींची चव एक असते. इथल्या त्या एका मडक्यात प्रत्येक गोष्ट आपापल्या चवीची होती. सजावट भयंकर होती, प्लास्टिकचे हंस आणि धुराचं यंत्र. पण हंस मांडवात होते आणि आम्ही बाहेर.

माझ्या शेजारी पानावर नाना येऊन बसले. उंच, कोरडे, इस्त्रीचा सदरा. खाली मान घालून पहिला भात संपवला.

मग म्हणाले, "पोरगी नोकरी सोडनार नाय म्हनते."

"मी पण ऐकलं."

"मंग रोज असंच फाटक. रोज अडकनार ती."

"अडकेल. आज तुम्हीही अडकला होतात."

त्यांनी पावट्याची साल बोटांनी काढून पानाच्या कडेला ठेवली. वाढप्या आला. नानांनी त्याला माझ्या पानाकडे खूण केली, आधी यांना. मग माझ्याकडे नीट वळून बघितलं, नाव-गाव आठवायचा प्रयत्न केल्यासारखं.

"मघापास्नं इचारायचं व्हतं. तुमी मुलाकडच्या का मुलीकडच्या?"

"मी अंतरपाटाकडची," मी म्हणाले.

नाना हसले नाहीत. माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या बेबीआत्याला मात्र त्यांनी मान हलवून बोलावलं आणि थोडं सरकून तिच्यासाठी जागा केली.